घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यायचा का? ठरवण्याआधी काय तपासायचं आणि कसं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून बऱ्याच घरांत हा प्रश्न अजून तसाच पडून आहे. सपोर्ट संपला म्हणजे विंडोजमध्ये नव्याने सापडणारी भगदाडं बुजवणारे महिन्याचे अपडेट थांबले. टॅली उघडतं, प्रिंट निघते, यूट्यूब चालतं. पण इथून पुढे सापडेल ते भगदाड तुमच्या मशीनवर उघडंच राहतं. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यात आधार-पॅनच्या स्कॅन कॉप्या आहेत, त्याच्यासाठी हे गंभीर आहे. फक्त गाणी ऐकायला आणि लग्नाचे फोटो बघायला ठेवलेल्या, नेट नसलेल्या मशीनसाठी तितकं नाही.

म्हणून "अकरा चांगलं का दहा" या वादात पडू नका. तुमच्या घरात या मशीनवर काय काम होतं, मशीनचा सगळ्यात कच्चा भाग कोणता आणि बिघडलं तर परत येण्याची सोय आहे का, या तीन गोष्टींवर निर्णय घ्या. खाली त्याच क्रमाने जाऊ.

कामांची यादी आधी

एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात या कॉम्प्युटरवर काय काय झालं ते लिहा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, कारण बाबांचं जीएसटीचं काम, मुलीचा परीक्षा फॉर्म आणि आईच्या बचतगटाचा हिशेब एकाच मशीनवर असतो आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. प्रत्येक कामासमोर दोन गोष्टी लिहा: कोणतं सॉफ्टवेअर लागतं आणि कॉम्प्युटरला काय जोडावं लागतं. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (सॉफ्टवेअर चालावं म्हणून यूएसबीला लावायची किल्ली), सगळं लिहा. अपग्रेड फसतं ते बहुतेक वेळा या जोडलेल्या वस्तूंमुळे. विंडोज स्वतः नीट बसतं आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर बोलत नाही.

मशीन पास होतं का

विंडोज ११ ला लागतं ते असं: मायक्रोसॉफ्टच्या यादीतला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय बायोस (बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, यूईएफआय ही त्याची नवी पद्धत), सिक्युअर बूटची सोय (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी) आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप). यातला खरा चाळणा प्रोसेसर आणि टीपीएम हाच आहे.

स्टार्टवर उजवी क्लिक, सिस्टीम, तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेल असेल तर आय-३, आय-५, आय-७ नंतरच्या आकड्याकडे बघा. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी: ४५७० म्हणजे चौथी, ६५०० म्हणजे सहावी, ८२५० म्हणजे आठवी. १० किंवा ११ ने सुरू होत असेल, जसं १०१०० किंवा ११३५, तर दहावी किंवा अकरावी. आठवी आणि तिच्या पुढची पिढी पास, सातवी आणि तिच्या आधीची मोजके अपवाद सोडून नापास. एएमडीत साधारण रायझेन २००० मालिकेपासून पुढे चालतं, पण २२००जी, २४००जी यांसारखे आत ग्राफिक्स असलेले २००० चे प्रोसेसर यादीत नाहीत. नावावरून फसायला होतं ते इथेच.

ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आपल्याकडे घराघरांत आहेत आणि त्यांत चौथ्या ते सातव्या पिढीचे आय-५ भरपूर. "आय-५ आहे, म्हणजे चालेल" असं दुकानात सांगितलं तर पिढी विचारा. डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० आणि ३०६० बाहेरून बहिणी-बहिणी वाटतात. पहिल्यात सहावी-सातवी पिढी, दुसऱ्यात आठवी.

एक-एक तपासायचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप टाका. ते पास-नापास सांगतं आणि कारणही दाखवतं. पण "टीपीएम नाही" असं त्याने सांगितलं तर लगेच हार मानू नका. आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक बोर्डांवर टीपीएम प्रोसेसरमध्येच असतं आणि असेंबल्ड पीसीत ते बायोसमधून बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू करा, सेव्ह करा, पुन्हा तपासा.

लॅपटॉपवर बायोसमध्ये हात घालण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर तुमच्या डिव्हाइसखाली ती मिळते. की नसताना टीपीएमची सेटिंग बदलली आणि निळ्या पडद्यावर की मागितली गेली, तर आतला डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही.

रॅम ४ जीबी चालते असं कागदावर आहे. प्रत्यक्षात ४ जीबीत क्रोमचे पाच टॅब आणि टॅली एकत्र उघडलं की माउस अडखळतो. ८ जीबीच्या खाली अपग्रेड करू नका, हे आमचं ठाम मत. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे किती स्लॉट भरलेत ते दिसतं. जुनी रॅम डीडीआर३ आहे का डीडीआर४ ते तिथे नाही कळलं तर काढलेली पट्टी दुकानात सोबतच न्या. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही.

डिस्ककडे जास्त वेळ द्या

अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर अपग्रेडचा विचार तिथेच थांबवा आणि आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. २४० किंवा २५६ जीबीची साधी अडीच इंची साटा एसएसडी जवळपास प्रत्येक मशीनला लागते. चौथ्या पिढीचं मशीनही एसएसडीने असं सुटतं की अनेकांचा नवा कॉम्प्युटर घेण्याचा बेत तिथेच रद्द होतो.

त्यानंतर डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की वर निळा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो. पिवळा असेल तर खाली रिअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर्स या दोन ओळी बघा. तिथे शून्याऐवजी आकडा असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. अशा डिस्कवर काही जीबी नव्याने लिहायला लावणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं. आधी डेटा काढा.

आता पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे. इथे असेंबल्ड पीसीवाले हमखास अडकतात. विंडोज ११ ला यूईएफआय लागतं आणि यूईएफआयला डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने आखलेली लागते. रन मध्ये एमएसइन्फो३२ उघडा. बायोस मोडसमोर यूईएफआय असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. लेगसी दिसत असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं हत्यार आहे, ते डेटा न पुसता डिस्क बदलतं. पण त्याची अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल पार्टिशन अजिबात नको. आणि आपल्याकडे दुकानदाराने सी, डी, ई, एफ पाडून दिलेले असतात, त्यातले डी-ई-एफ बहुतेक लॉजिकलच. म्हणून आधी त्याच हत्यारातल्या व्हॅलिडेट पर्यायाने, काही न बदलता, तपासून बघा. नापास झालं तर सगळा डेटा बाहेर काढून डिस्क नव्याने आखण्याला पर्याय नाही, आणि नवी एसएसडी घेणार असाल तर तीच जीपीटी करून तिच्यावर नवं विंडोज टाकणं जास्त सोपं.

डिस्क बदलल्यावर बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (सुरू होण्याची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय चालू करावं लागतं. ते केल्यावर पडदा काळा राहिला तर घाबरू नका. खूप जुनं वेगळं ग्राफिक्स कार्ड यूईएफआयमध्ये चित्र देऊ शकत नाही. कार्ड काढा, मॉनिटरची वायर बोर्डवरच्या पोर्टला लावा.

आणि बोर्डवरचा बटनसेल बघा, सीआर २०३२. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल तर तो संपलेला आहे. तो संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, काही बोर्डांवर म्हणजे परत लेगसी, आणि काल व्यवस्थित चाललेलं विंडोज ११ आज सुरूच होत नाही. अपग्रेड बिघडलं असा समज होतो, खरं कारण हा छोटासा सेल. जुन्या मशीनवर तो न विचारता बदला.

आता वाटा ठरतात

मशीन पास, रॅम ८ जीबी, एसएसडी आहे, विंडोज १० अस्सल आहे, आणि तुमच्या यादीतली जोडलेली सगळी यंत्रं चालतात याची खात्री झाली: अपग्रेड करा. अस्सल विंडोज १० वरून ११ मोफत आहे, होमवरून होम, प्रोवरून प्रो. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स असा शब्द दिसला पाहिजे.

मशीन नापास पण बाकी तगडं, म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचं, एसएसडी असलेलं: विंडोज १० वरच थांबा आणि वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. त्याला ईएसयू म्हणतात. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे एनरोल नाऊ दिसतं. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असली पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत यावं लागतं. सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण. सिंक चालू करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डरची खूण काढून टाका, नाहीतर वनड्राइव्हची मोफत ५ जीबी दोन दिवसांत भरते आणि पैसे मागणारे निरोप सुरू होतात. ईएसयू संपल्यावरही डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटिव्हायरसची व्हायरस-यादी २०२८ पर्यंत येत राहील. पण ती भिंतीवरचा पहारेकरी, भिंतीतलं भगदाड ती बुजवत नाही.

नापास मशीनवर रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज) बदलून किंवा रुफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या ॲपने चेकिंग वगळून विंडोज ११ टाकून देणारे अनेक जण आहेत. ते बसतं, चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट बांधील नाही आणि वर्षाची मोठी आवृत्ती सहसा आपोआप येत नाही, दर वेळी तोच खटाटोप. २४एच२ आवृत्तीपासून अगदी जुने प्रोसेसर, कोअर टू ड्युओसारखे, सुरूच होत नाहीत. ज्यावरून पैशाचे व्यवहार होतात त्या कॉम्प्युटरवर हे करू नका. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचं आणि अपडेटचीच खात्री घालवायची, याला अर्थ नाही.

ब्राउझर, ईमेल, फॉर्म, ऑनलाइन क्लास, एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची मोफत प्रणाली) खरंच चांगला पर्याय आहे. मिंट २२ मालिका २०२९ पर्यंत चालणार आहे, ४ जीबी रॅमवर बरी चालते, त्यातल्या त्यात एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पेनड्राइव्हवरून काही न पुसता चालवून बघता येते, तेव्हा आठवडाभर बघाच. टॅली आणि श्रीलिपी त्यावर सरळ चालत नाहीत, आणि डिजिटल सहीच्या टोकनला खटपट लागते. या तिघांपैकी एकही यादीत असेल तर मिंट नको.

विंडोज ७ किंवा ८.१ अजून असेल तर गोष्ट वेगळी. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. त्यांच्या जुन्या कीवर मोफत वर येण्याची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. अशा मशीनमध्ये लायसन्सचे पैसे घालू नका. डीटीपीसाठी लागत असेल तर नेटची वायर काढून ठेवा आणि फक्त त्या कामाला वापरा.

खर्चाचा एक ठोकताळा: रॅम, एसएसडी, सेल आणि मजुरी मिळून तुम्हाला पुरेल अशा दुसऱ्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशापुढे जात असेल तर दुरुस्ती थांबवा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावच्या दुकानात लेखी कोटेशन मागा, तोंडी नको.

प्रिंटर, फॉन्ट, डोंगल

जुन्या प्रिंटरचं ड्रायव्हर (यंत्र आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर) ६४ बिटचं आहे का, हा पहिला प्रश्न, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. तुमचं विंडोज १० जर ३२ बिटचं असेल, आणि जुन्या २-३ जीबीच्या मशीनवर ते असतं, तर वर चढवून चालत नाही, नवीनच टाकावं लागतं. एचपी लेझरजेट १०२० सारखे प्रिंटर दर वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःचा आतला प्रोग्राम, घेतात. ड्रायव्हर नीट नसेल तर दिवा लागतो, प्रिंट निघत नाही. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं विंडोज १० ६४ बिट किंवा ११ चं ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. ११ चं वेगळं नसेल तर १० चं ६४ बिट बहुधा चालतं.

एखादं जुनं यंत्र "ड्रायव्हर लोड होत नाही" म्हणालं तर विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन उघडा. मेमरी इंटिग्रिटी चालू असताना जुनी ड्रायव्हर्स अडवली जातात. ती बंद करण्याआधी नवं ड्रायव्हर शोधा. बंद करणं हा शेवटचा उपाय.

मराठी मजकुराचं काम असेल तर दोन जग वेगळी ठेवा. युनिकोडमध्ये टाइप केलेलं कुठेही उघडतं. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका, कार्यक्रमपत्रिका, सोसायटीचे ठराव मात्र तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवतात. जागच्या जागी अपग्रेड केलं तर फॉन्ट राहतात. फॉरमॅट मारला तर जातात. म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स फोल्डर अख्खा कॉपी करून ठेवा, सोबत सॉफ्टवेअरची सीडी आणि की. डोंगल असेल तर त्याच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती विक्रेत्याकडे मागा आणि ती हातात येईपर्यंत अपग्रेड करू नका. नव्याने टाइप करायला विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की मिळतो.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. चालतात ते ११ वरही, पण अनोळखी ईमेलमधून आलेली वर्ड-एक्सेलची फाइल त्यात उघडू नका.

बॅकअप, आणि डी ड्राइव्हचा गैरसमज

"माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे" म्हणजे बॅकअप आहे असं नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे. डिस्क गेली की दोन्ही जातात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि काम झालं की वायर काढून ठेवायची.

काय घ्यायचं: डेस्कटॉपवरच्या फाइली, कारण त्या सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅटमध्ये पहिल्या त्याच जातात. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनही घ्या आणि डेटा फोल्डर वेगळा कॉपीही करा. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क. वाय-फायचा पासवर्ड, जो कुणालाच आठवत नाही. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मोजू नका.

दिवस कोणता, वेळ कोणती

महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस टाळा, जीएसटीचं काम असलेल्या घरात तर नक्की. दहावी-बारावीनंतर प्रवेशाचे फॉर्म चालू असताना करू नका. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पावसाळा लागेपर्यंतचा काळ शक्यतो सोडून द्या, आणि त्याला दोन कारणं आहेत.

एक ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. खोलीच जिथे चाळिशीत, तिथे धुळीने बुजलेल्या पंख्याचा प्रोसेसर शंभराजवळ पोचतो, मग स्वतःला हळू करतो किंवा बंद करतो. अपग्रेडमध्ये प्रोसेसर आणि डिस्क तास-दीड तास सलग राबतात. आधी कॅबिनेट उघडून, वीज काढून, मऊ ब्रशने हीटसिंक साफ करा. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर हीटसिंकच्या पात्यांत कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी बसलेली सापडेल. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट बदललेली नसेल तर तीही बदला. आणि काम पहाटे करा.

दुसरं वीज. मे-जूनचे वादळी वारे रावेर-यावलकडे केळीचे बाग आडवे करतात तेव्हा तारा आणि खांबही पडतात. गावठाण फीडरवर तर वीज कधी जाईल सांगता येत नाही. डाउनलोड चालू असताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही, परत सुरू होतं. धोका रीस्टार्टनंतरच्या टप्प्यात, जिथे टक्के मोजत पडदा काळा-निळा असतो. विंडोज बहुतेक वेळा मागे परततं, पण प्रत्येक वेळी नाही. हा टप्पा एसएसडीवर साधारण २० ते ४० मिनिटं, हार्ड डिस्कवर दोन तासही. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला १०-१५ मिनिटं धरतो, म्हणजे तो एकटा पुरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण इको ऐवजी यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे बदलताना झटका कमी लागतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जरही लावलेला हवा.

डेटा: विंडोज ११ ची फाइल किमान ५-६ जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती बसत नाही. ज्यांच्याकडे फायबर आहे अशा नातेवाइकाकडे बसून मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती तयार करून आणा. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं.

प्रत्यक्ष पायऱ्या

१. सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी मोकळी करा. डिस्क क्लीनअप, रिसायकल बिन, डाउनलोड्समधले जुने व्हिडिओ.

२. विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची की लिहून घ्या आणि तो काढून टाका. डिफेंडर आपोआप चालू होतो. मध्येच अडवणाऱ्यांत जुना अँटिव्हायरस पुढे असतो.

३. विंडोज १० चे राहिलेले अपडेट पूर्ण करा, दोनदा रीस्टार्ट करा.

४. माउस, कीबोर्ड, मॉनिटर सोडून बाकी सगळं काढा. प्रिंटर, बाहेरची डिस्क, डोंगल, कार्ड रीडर.

५. विंडोज अपडेटमध्ये ११ देऊ केलं असेल तर तिथूनच घ्या. नसेल तर इन्स्टॉलेशन असिस्टंट, किंवा विंडोज १० चालू असताना पेनड्राइव्हवरचं सेटअप उघडा. पेनड्राइव्हवरून बूट करू नका, तो फॉरमॅटचा रस्ता आहे.

६. विचारल्यावर फाइली आणि ॲप्स दोन्ही ठेवा हाच पर्याय निवडा. तो फिकट दिसत असेल तर थांबा: भाषा किंवा एडिशन जुळत नाही.

७. टक्केवारी एका आकड्यावर अर्धा तास अडकली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटण दाबू नका.

हे काम दुकानात देणार असाल तर "फॉरमॅट मारून देतो" या वाक्यावर हो म्हणू नका. लॅपटॉपसोबत आलेली होमची की त्याच्या बायोसमध्येच असते. दुकानात त्यावर कुलूप तोडलेलं प्रो टाकलं की तुमचं स्वतःचं लायसन्स पडून राहतं आणि वर एक ॲक्टिव्हेटर (चोरीचं विंडोज अस्सल भासवणारा प्रोग्राम) मिळतो, जो डिफेंडर बंद करूनच बसवावा लागतो. "होमच टाका, ॲक्टिव्हेटर नको" असं बिलावर लिहून घ्या.

अडलं तर

कोडचा शेवट ८००७००७० असेल तर जागा कमी आहे. सी१९००१०१ ने सुरू होत असेल तर एखादं ड्रायव्हर आडवं आलं: वाय-फाय, ग्राफिक्स आणि चिपसेटची ड्रायव्हर्स नवी करा, बाहेरचं सगळं काढलंय ना ते पुन्हा बघा. सी१९००२०८ म्हणजे न जुळणारं सॉफ्टवेअर, बहुधा अँटिव्हायरस किंवा जुनं डोंगल. सिस्टीम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता येत नाही असा निरोप आला तर ईएफआयची छोटी पार्टिशन भरलेली आहे. तिथे जाणकार माणूसच बसवा.

पहिले दहा दिवस

परत विंडोज १० वर जाण्याची मुदत दहा दिवसांची असते. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे गो बॅक. तोवर डिस्क क्लीनअपमध्ये प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्सवर खूण करू नका, ती केली की ही वाट बंद. या दहा दिवसांत पहिल्या कागदावरचं एक-एक काम प्रत्यक्ष करा. नुसतं टॅली उघडून चालत नाही, एक बिल छापा. सहीच्या टोकनने एक सही करा. जुनी पत्रिका उघडून फॉन्ट बघा. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण शोधा, ॲक्टिव्हेशन तपासा, विंडोज अपडेट दोनदा चालवा. स्टार्टचं बटण मधोमध गेल्याने घरातली मोठी माणसं गोंधळतात. टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट डावीकडे करा.

पहिले दोन दिवस कॉम्प्युटर जड वाटेल, कारण आत फाइलींची नव्याने यादी बनत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही तो जडच असेल आणि एखादं महत्त्वाचं यंत्र चालत नसेल तर दहावा दिवस उजाडायच्या आत मागे या. सगळं चालत असेल तर अकराव्या दिवसानंतर क्लीनअप करा, सी ड्राइव्हवर बरीच जागा परत मिळते. बॅकअपची डिस्क मात्र आणखी एक महिना तशीच ठेवा.